पत्रा बिघडला, तर तो कोणाचा?

पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी म्हणून एक जुनी वस्ती आहे, हें पुणेकर वाचकांस सांगावयास नको. बाहेरगांवच्या वाचकांनाही ती अगदींच परकी वाटूं नये. कारण ज्या घरीं देवघरांत ताम्हन आणि पळी-पंचपात्री आहे, माळ्यावर एखादें घंगाळ किंवा बंब धूळ खात पडला आहे, त्या घराचा या आळीशीं किंवा हिच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या आळीशीं कधीं ना कधीं संबंध आलेलाच असतो. तांबट आळींतल्या कबुतरांना ठोक्यांचें भय नाहीं, असें आपण म्हणतों. इतकेंच काय, भर उन्हांत झाडावर बसून एकसारखें 'टुक् टुक्' करणाऱ्या त्या हिरव्या पक्ष्यालाही आपण तांबट हेंच नांव दिलें आहे. भाषेनें ज्या धंद्याला एवढें जवळ केलें, त्या धंद्याकडे आज आम्ही एका निराळ्याच प्रश्नाच्या निमित्तानें वळत आहोंत.

प्रश्न असा, कीं माणसांच्या एखाद्या समूहांत, मग ती आळी असो, कारखाना असो, कचेरी असो कीं शाळा असो, नवी कल्पना केव्हां जन्मते आणि केव्हां मरते? मोठमोठ्या कंपन्यांतून या प्रश्नाला अलीकडे फार महत्त्व आलें आहे. 'संस्थेची संस्कृति' असा शब्दप्रयोग त्यासाठीं रूढ झाला असून त्यावर व्याख्यानें होतात, शिबिरें भरतात, भिंतींवर सुवचनें टांगलीं जातात. आमच्या समजुतीप्रमाणें या साऱ्या खटाटोपांत एक साधी गोष्ट बहुधा नजरेआड होते. नवें करूं पाहणाऱ्याच्या हातून कांहीं माल बिघडणारच. तो बिघडलेला माल कोणाच्या खात्यावर मांडला जातो, हें विचारावें. म्हणजे त्या संस्थेंत नव्या कल्पनेला कितपत थारा आहे तें भिंतीवरचीं सुवचनें न वाचतांही कळतें. तांबट आळीची हकीकत या दृष्टीनें आम्हांस विचार करण्यासारखी वाटते.

कसबा ही पुण्यांतील सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपति येथलाच. पहिल्या बाजीरावानें पुण्यास आपलें ठाणें केलें, 1732 सालीं शनिवारवाडा उभा राहिला, आणि वाड्याच्या आश्रयानें कारागिरांची वस्ती वाढत गेली. तांबट हे मूळचे कोंकणांतले आणि पेशव्यांच्या काळीं ते येथें स्थिरावले, असें त्यांच्यांत परंपरेनें सांगतात. बुरूड आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा हीं याच पेठेंतलीं नांवें. त्यांवरून पेठेची घडण ध्यानांत येते. एका धंद्याचीं माणसें एका आळींत, भिंतीला भिंत लावून राहात. त्यामुळें एकाची युक्ति दुसऱ्यापासून फार दिवस लपत नसे. शेजारच्या ओट्यावर हातोडीचा ताल बदलला तर तो इकडच्याच्या कानाला लगेच कळावयाचा. एखाद्यानें काठ वळविण्याची नवी रीत काढली तर आठ-पंधरा दिवसांत ती साऱ्या आळीची व्हावयाची. यांत त्या एकाचें नुकसान होतें, हें खरें. पण आळीचा फायदा होता, आणि उद्यां दुसऱ्या कोणाची युक्ति आपल्यालाही आयती मिळणार, हा भरंवसाही होता.

येथें कामाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण त्यावांचून पुढचा मुद्दा नीट उमगणार नाहीं. तांब्याचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. तें ठोकत गेलें कीं कठीण होतें. लाल होईपर्यंत तापविलें कीं पुन्हां मऊ पडतें. पोलाद तापवून एकदम पाण्यांत बुडविलें तर कडक होतें. तांबें तसें बुडविलें तरी मऊच राहतें. म्हणून तांबट पत्रा ठोकतो, पत्रा हाताला जुमानीनासा झाला कीं तो भट्टींत घालतो, निववितो, आंबट पाण्यानें वरचा काळा थर काढून टाकतो आणि पुन्हां ठोकावयास बसतो. भट्टीची वेळ टळून चार ठोके अधिक पडले तर पत्र्याला चीर जाते. मग सकाळपासूनचे सारे श्रम मोडींत. अशा रीतीनें आकार पुरा झाला म्हणजे शेवटीं मठारकाम. भांडें लोखंडी आधारावर चढवून, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें त्यावर एकाला एक लागून ठोके मारीत जावयाचें. ठोक्यांच्या ओळी तळापासून फिरत फिरत काठापर्यंत येतात. दिसावयाला ती नक्षी. परंतु तिचें खरें काम निराळेंच आहे. त्या ठोक्यांनीं पातळ पत्रा घट्ट होतो, भांडें दबत नाहीं, आणि अंगावर चकाकी येते ती वेगळीच. मठारल्यानंतर भांड्याला पुन्हां भट्टी दाखवावयाची नसते, नाहीं तर तो सारा घट्टपणा निघून जाईल. एक ठोका तिरका पडला तर तो भांड्याच्या अंगावर कायमचा राहतो. ही विद्या पुस्तकांतून येत नाहीं. मुलानें आधीं भाता ओढावा, मग चिंचेनें भांडीं घासावीं, मग वडिलांच्या समोर बसून बिनमहत्त्वाच्या जागीं ठोके मारावे, असा तिचा क्रम. या क्रमांत वर्षें जातात.

परंपरेनें कल्पकता मरते, असा एक समज सुशिक्षितांत आहे. तो आम्हांस पटत नाहीं. बंबाचेंच उदाहरण घ्या. मधोमध उभी नळी. तिच्यांत वरून कोळसा, लांकडाच्या ढलप्या, गोवरीचे तुकडे टाकावयाचे. खालीं जाळी आणि राख पडण्याची जागा. नळीच्या सभोंवार पाणी, आणि बाजूला तोटी. विस्तव पाण्याच्या खालीं नसून पाण्याच्या पोटांत आहे, म्हणून त्याची ऊब चोहों बाजूंनीं पाण्यालाच मिळते. वरून थंड पाण्याचा तांब्या ओतावा आणि तोटींतून ऊन पाणी घ्यावें. पंधरा-वीस माणसांच्या घराचीं स्नानें एका बंबावर उरकत. इतकें नेटकें साधन कोणा एका शोधकाच्या नांवावर चालत नाहीं. अशीं भांडीं अनेक हातांतून घडत जातात. एकानें नळी रुंद करावी, दुसऱ्यानें जाळी निराळी काढतां येईल अशी बसवावी, तिसऱ्यानें पाय उंच करावे. परंपरा ही येथें कल्पकतेची वैरीण नसून तिची सामग्री होती. ज्याचा हात बसला आहे तोच हाताला नवी वाट दाखवूं शकतो. ज्याला नेहमींचा हंडा नीट येत नाहीं, त्यानें नवा आकार काढावयास निघणें ही नुसती हौस होय.

या सुधारणांना आणखी एक वाट होती, ती आमच्या भगिनी-वाचकांच्या चटकन् लक्षांत येईल. तोटी गळूं लागली, डाख सुटला, बूड बसलें, कीं भांडें आळींत जात असे. आणि भांड्याबरोबर तक्रारही जाई. ही कड हाताला लागते, हा कान तापतो, या घागरीचें तोंड एवढें अरुंद कीं आंत हात जात नाहीं. वापरणारीचें गाऱ्हाणें करणाऱ्याच्या कानावर सरळ पडत होतें. आजच्या मोठ्या कंपन्या ग्राहकांचीं मतें गोळा करण्यासाठीं निराळीं खातीं उघडतात आणि त्यांवर बराच पैसा खर्च करतात. तेंच काम आळीच्या ओट्यावर फुकट होत असे.

मग बिघडलें कोठें? 1863 सालीं बोरघाटांतला लोहमार्ग पुरा झाला, मुंबईहून माल सुलभतेनें येऊं लागला, आणि विलायती तांब्याच्या तयार पत्र्यानें हळूहळू जम बसविला. पत्रा आणावयाचा म्हणजे भांडवल हवें, आणि तें व्यापाऱ्याजवळ होतें. तेव्हां व्यापारी पत्रा देणार, तांबट त्याचें भांडें करून देणार, आणि मजुरी वजनावर मिळणार, असा व्यवहार सर्रास झाला. शहरांतील अशा हस्तव्यवसायांची पाहणी करून एन्. एम्. जोशी यांनीं लिहिलेलें इंग्रजी पुस्तक पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें 1936 सालीं प्रसिद्ध केलें. कारागीर आणि व्यापारी यांच्या या नात्याचा विचार अर्थशास्त्रज्ञांनीं तेव्हांपासूनच केलेला आहे.

वजनावर मजुरी, हे दोनच शब्द. परंतु त्यांचा परिणाम किती दूरवर पोंचतो पाहा. जाड पत्र्याचा साधा हंडा केला तर वजन अधिक, ठोके कमी आणि दाम चांगला. हलकें, नाजूक, नव्या घाटाचें भांडें केलें तर श्रम दुप्पट आणि दाम निम्मा. त्यांतून नवा घाट काढतांना पत्रा फाटला, तर दिलेल्या पत्र्याचा हिशेब द्यावयाचा तो तांबटानें. व्यापाऱ्याचा यांत कांहीं अपराध होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला खपणारा माल हवा होता, आणि हंडा खपत होता. पण अशा व्यवहारांत शहाणा तांबट काय करील? काल केलें तेंच आज करील. त्याच्या मुलाच्या डोक्यांत कांहीं नवें आलेंच, तर बाप पहिल्यानें त्याचा हात धरील. आणि तो बाप मागासलेला नव्हे, तो चुलीचा विचार करणारा आहे. शिवाय दुकान मध्यें आल्यामुळें घरांतल्या बाईचें गाऱ्हाणें आतां दुकानदाराच्या गादीपर्यंत जाऊन थांबूं लागलें. आळीचे हात तेच राहिले, विद्या तीच राहिली, ठोक्यांचा नादही तोच राहिला. फक्त बिघडलेला पत्रा कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर पक्कें झालें.

याच सुमारास, 1898 सालीं, मद्रासच्या कलाशाळेंत चॅटर्टन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें अ‍ॅल्युमिनमचीं भांडीं करण्याचे प्रयोग सुरू केले. तेथें बसणाऱ्या कारागिरांचे हात आमच्या तांबटांहून अधिक कुशल होते असें मानण्याचें कारण नाहीं. पण तेथें फुकट गेलेला पत्रा सरकारी शाळेचा होता. पुढें अ‍ॅल्युमिनमनें आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टीलनें तांब्यापितळेला स्वयंपाकघरांतून हुसकावून लावलें. कल्हईची कटकट नको, घासण्याचे श्रम नकोत, म्हणून गृहिणींनींही त्यांचें आनंदानें स्वागत केलें. त्यांना दोष कोण देईल? मग गॅस आला, विजेचा गीझर आला, आणि बंब माळ्यावर गेला.

आतां कसब्यांतून मुठेपलीकडे, एरंडवण्याच्या बाजूला येऊं. 1929 सालीं कोल्हापुरास विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, शांतारामबापू वणकुद्रे, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पांच जणांनीं 'प्रभात फिल्म कंपनी' काढली, आणि 1933 सालीं ती पुण्यास आली. चित्रपटाचा आणि तांब्याच्या भांड्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा, कीं प्रभातचे चालकही मूळचे हातानें काम करणारे होते. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरांतल्या कंपनींत रंग, पडदे, लांकूड, कॅमेरा यांच्या संगतींत ते तयार झाले होते. म्हणजे त्यांचेंही शिक्षण आळींतल्या मुलासारखेंच, पाहून आणि करून झालें. कंपनींत दामल्यांना 'दामलेमामा' आणि फत्तेलालांना 'साहेबमामा' म्हणत. मालकाला मामा म्हणतां येतें, एवढ्यानेंच कांहीं कल्पकता येत नाहीं, हें आम्ही जाणतों. मामा म्हणवून घेऊन भाच्यांना उपाशी ठेवणारे मालकही जगांत असतात. पण बिघडलेल्या पत्र्याचें प्रभातनें काय केलें तें पाहण्यासारखें आहे.

पुण्यास आल्या सालींच प्रभातनें 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करण्याचा घाट घातला. रंगीत छपाईसाठीं चित्रपट जर्मनीस नेला. खर्च मोठा झाला, आणि रंग मनासारखे वठले नाहींत. एका माणसाच्या अंगावर हा खर्च पडता तर तो त्यांतून पुन्हां उठला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे. येथें तो कंपनीचा म्हणून सोसला गेला. पुढच्याच वर्षीं, 1934 सालीं, त्याच मंडळींनीं 'अमृतमंथन' काढला, आणि त्यांत लांब पल्ल्याचें भिंग वापरून घेतलेलें राजगुरूच्या डोळ्याचें प्रचंड दृश्य प्रेक्षकांच्या स्मरणांत राहिलें. पहिल्या अपयशानंतर नवें कांहीं करूं नका, असें त्यांना कोणी बजावल्याचें त्या चित्रांत तरी दिसत नाहीं. 1936 सालचा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला तो दामले-फत्तेलाल या जोडीनें. एकाचें मुख्य काम ध्वनीचें, दुसऱ्याचें कलायोजनेचें. तो चित्रपट मुंबईस वर्षभराहून अधिक चालला आणि 1937 सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत वाखाणला गेला.

हें सर्व कायमचें टिकलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. भागीदारांत अंतर पडत गेलें, 1942 सालीं शांतारामबापूंनीं बाहेर पडून मुंबईस 'राजकमल' काढली, 1945 सालीं दामले वारले, आणि पुढें कंपनीही बंद पडली. तिच्या जागेंत 1960 सालीं सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. माणसें तीं तशींच हुषार असतांही तीं एकमेकांचा तोटा सोसावयास तयार नसलीं म्हणजे काय होतें, त्याचें हें उदाहरण म्हणावें काय? आम्ही तितक्या ठामपणें म्हणणार नाहीं. युद्धाचा काळ, वाढते खर्च, नटांचे वाढते दाम, अशीं दुसरीं कारणेंही होतीं.

परदेशांतही या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषीनें रुग्णालयांतील औषधांच्या चुकांची पाहणी करून 1996 सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. जेथें परिचारिकांचें आपसांत चांगलें जमतें तेथें चुका कमी असतील, अशी तिची अपेक्षा होती. पाहणींत दिसलें तें उलटें! चांगल्या गटांतच चुकांची संख्या अधिक. बारकाईनें पाहतां उलगडा झाला, कीं त्या गटांत चुका अधिक होत होत्या असें म्हणण्यापेक्षां त्या मोकळेपणानें सांगितल्या जात होत्या. वाईट गटांत त्या झांकल्या जात होत्या. चूक सांगितली गेली तर ती सुधारते, आणि सुधारतांना कधीं कधीं नवी रीतही सांपडते.

आमच्या बहुतेक वाचकांचीं घरें एकत्र कुटुंबाचीं आहेत, आणि एकत्र कुटुंब हीही एक संस्थाच होय. धाकट्या सुनेनें अनरशाचें पीठ नव्या रीतीनें करून पाहिलें आणि अनरसे तुपांत विरघळले, तर तें तूप कोणाचें? 'असूं दे, उरल्या पिठाचीं धिरडीं करूं' असें सासूबाई म्हणाल्या, तर त्या घरांत पुढच्या दिवाळीला कांहीं नवें खावयास मिळण्याचा संभव आहे. 'आमच्या घरीं असें कधीं झालें नव्हतें' असें म्हणाल्या, तर त्या घरचे अनरसे पुढचीं तीस वर्षें उत्तम होतील, आणि तेच होतील. दोन्ही घरें सुखी असूं शकतात. आम्हांस फक्त फरक दाखवावयाचा आहे.

तांबट आळींत गेल्या कांहीं वर्षांत एक नवी हालचाल झाली आहे. वारसा-संवर्धनाचें काम करणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेच्या पुणें शाखेनें आळीच्या कारागिरीकडे लक्ष दिलें, आणि 2010 नंतरच्या दशकांत 'स्टुडिओ कॉप्रे' या नांवानें आळीबाहेरच्या मंडळींनीं तांबटांबरोबर काम सुरू केलें. मठारकाम आळीचें, आकार मात्र आजच्या घराला शोभणारे: पाण्याचे पेले, तबकें, दिवे, शोभेच्या वस्तू. घाट सुचविण्याची आणि गिऱ्हाईक शोधण्याची जोखीम अशा रीतीनें तांबटाच्या एकट्याच्या डोक्यावरून थोडी उतरली. ज्या ठोक्यांना वजनाच्या तराजूंत किंमत नव्हती, त्यांनाच आतां किंमत आली. पेला हलका असला तरी चालतो, ठोके देखणे पाहिजेत. हा बदल आमच्या मतें फार मोलाचा आहे.

तथापि आमचें पुरतें समाधान झालेलें नाहीं. कागदावरचें चित्र बाहेरून यावें आणि आळीनें तें ठोकून द्यावें, एवढ्यावरच गोष्ट थांबली तर हात जगतील, पण बंब घडविणारें डोकें जगेल काय? कोणता आकार पत्र्याला पेलतो आणि कोणत्या वळणावर तो फाटतो, हें चित्र काढणाऱ्याहून ठोकणाऱ्याला अधिक कळतें. 'साहेब, हें असें नको, तसें करूं' हें वाक्य त्यानें बोलावें आणि समोरच्यानें तें ऐकून पत्रा पुढें करावा, इतकी सलगी दोघांत हवी. कागदीपुऱ्याकडे पाहिलें म्हणजे ही चिंता वाढते. तेथल्या कागद्यांचा धंदा बुडाला. पुढें 1940 सालीं पुण्यांत हातकागद संस्था निघाली, आणि हातकागदाची विद्या शहरांत राहिली खरी, पण ती संस्थेंत राहिली. कागदीपुऱ्याचें नांव तेवढें पाटीवर आहे. तांबट आळींत आज पूर्वींच्या मानानें थोडींच घरें ठोके मारीत आहेत, आणि आळींतलीं मुलें शिकून नोकरीची वाट धरतात. त्यांनीं ती कां धरूं नये?

लग्नमुंजीच्या निमित्तानें भांडीं घेणाऱ्या घरांना मात्र एक गोष्ट सहज करतां येण्यासारखी आहे. सारींच भांडीं दुकानांतून तयार न घेतां एखादें तरी आळींत जाऊन, काय हवें आणि कशासाठीं हवें तें करणाऱ्याशीं बोलून, करून घ्यावें. पहिला नमुना साधला नाहीं तर त्याच्या पत्र्याचे आणि मजुरीचे पैसे निमूटपणें द्यावे, आणि दुसरा करावयास सांगावा. कल्हईचें तेवढें आधीं ठरवून घ्यावें. ज्या भांड्यांत शिजवावयाचें किंवा आंबट पदार्थ ठेवावयाचा त्याला ती हवीच, नुसत्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला नको.